जनुक शाबूत, संदेश नाहीसा : सूत्रकृमीतील आरएनए हस्तक्षेप

अंबरनाथच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला वाहिलेला बेल, फुले आणि फळे दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतात, आणि असे निर्माल्य खतखड्ड्यात पडून कुजू लागले की त्यावर प्रथम जिवाणू वाढतात व पाठोपाठ त्या जिवाणूंवर जगणारे बारीक सूत्रकृमी तेथे वस्तीला येतात. कुजणाऱ्या फळांत आणि पालापाचोळ्यात राहणाऱ्या सूत्रकृमींच्या अनेक जातींपैकी सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या एका जातीने गेल्या साठ वर्षांत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत उंदीर आणि फळमाशी यांच्या तोडीचे स्थान मिळवले आहे. हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक आणि निरुपद्रवी असून जिवाणू हेच त्याचे अन्न आहे.

त्याच्या या आहारातूनच एक कोडे उभे राहते. सजीवाच्या प्रत्येक घासात दुसऱ्या सजीवांचा आनुवंशिक ऐवज असतोच; भाकरीत ज्वारीचा डीएनए असतो, भाजीत पालकाचा असतो, दह्यात तर कोट्यवधी जिवंत जिवाणू असतात, तरीही ते खाल्ल्याने माणसाच्या जनुकांचे काही बिघडत नाही, कारण पचनात हे सारे रेणू मोडून त्यांचे सुटे घटक होतात. सी. एलेगन्सला मात्र एका विशिष्ट प्रकारचा आरएनए तयार करणारे जिवाणू खाऊ घातले, तर त्या आरएनएशी जुळणारे कृमीचे स्वतःचे जनुक जवळजवळ साऱ्या शरीरात निकामी झाल्यासारखे वागू लागते आणि त्याच्या पिल्लांतही तोच परिणाम दिसतो, मात्र बाकीची सुमारे २०,००० जनुके आपापले काम करत राहतात. तपासून पाहावे तर त्या एका जनुकाच्या रचनेतही काडीचा बदल झालेला नसतो. जनुक जागेवर असताना त्याचे काम असे थांबते कसे, याचे उत्तर ज्या प्रक्रियेत आहे तिला आरएनए हस्तक्षेप किंवा इंग्रजी आद्याक्षरांनी आरएनएआय असे म्हणतात.

मूळ दप्तर आणि नक्कल

जमिनीच्या नोंदींचे मूळ दप्तर कार्यालयातच राहते. बँकेत, न्यायालयात किंवा खरेदीखताच्या वेळी जो दाखवला जातो तो सातबाऱ्याचा उतारा, म्हणजे त्या दप्तरातील एका गटापुरती काढलेली नक्कल असते. पेशीतील कारभारही याच धर्तीवर चालतो. डीएनए हे मूळ दप्तर पेशीच्या केंद्रकात सुरक्षित राहते, आणि त्यातील ज्या नोंदीवरून एखादे प्रथिन तयार व्हायचे असते त्या नोंदीला, म्हणजेच जनुकाला, आवश्यकतेप्रमाणे आरएनएच्या रूपात उतरवून घेतले जाते. ही नक्कल केंद्रकाबाहेर जाते, तेथे रायबोसोम नावाची यंत्रणा ती वाचून तिच्याबरहुकूम प्रथिन घडवते, आणि काही मिनिटांत किंवा तासांत ती नक्कल मोडून टाकली जाते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. पुढे तिचा उल्लेख नुसता ‘संदेश’ असा केला आहे.

या मांडणीवरून एखादे जनुक निकामी करण्याचे दोन वेगळे मार्ग स्पष्ट होतात. मूळ दप्तरातच खाडाखोड केली तर तो बदल कायमचा होतो आणि पुढच्या पिढ्यांकडेही जातो. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. याउलट दप्तराला हात न लावता बाहेर गेलेली प्रत्येक नक्कल हेरून फाडत राहिले, तर मूळ नोंद शाबूत असूनही तिच्या आधारे होणारे व्यवहार ठप्प होतात, आणि नकला फाडणे थांबले की ते पुन्हा सुरू होऊ शकतात. आरएनए हस्तक्षेप हा दुसरा मार्ग आहे. म्हणूनच त्याला जनुक नष्ट करणे न म्हणता जनुक मूक करणे असे म्हणतात.

परंतु पेशीत एकाच वेळी हजारो जनुकांचे संदेश फिरत असताना नेमका एकाच जनुकाचा संदेश ओळखायचा कसा, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आरएनएच्या घडणीत आहे. डीएनए आणि आरएनए हे दोन्ही रेणू न्यूक्लिओटाइड नावाच्या चार प्रकारच्या घटकांच्या लांब साखळ्या असतात, आणि या घटकांच्या जोड्या ठरलेल्या असतात : आरएनएमध्ये ए या घटकाची जोडी यू शी आणि जी ची जोडी सी शी जुळते. त्यामुळे एखाद्या साखळीतील क्रमाला नेमका पूरक असा क्रम असलेली दुसरी साखळी भेटली की त्या एकमेकींना चिकटून दुपदरी रेणू तयार होतो. पेशीतील डीएनए असा दुपदरी असतो. पेशीचे संदेश मात्र एकपदरी असतात. हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण पुढचे सगळे त्यावरच बेतलेले आहे.

वाढवायला गेले आणि नाहीसे झाले

या प्रक्रियेचा पहिला ठळक मागमूस प्राण्यांत नव्हे, तर हिवाळ्यात महाराष्ट्रातील रोपवाटिकांत सर्रास विकल्या जाणाऱ्या पेटुनियाच्या फुलांत लागला. कॅलिफोर्नियातील रिचर्ड जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जांभळी छटा अधिक गडद व्हावी म्हणून रंगद्रव्याच्या निर्मितीसाठी लागणाऱ्या एका विकराचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचे, जादा जनुक पेटुनियात घातले. पण १९९० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार अनेक झाडांची फुले गडद होण्याऐवजी पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची निघाली. बाहेरून घातलेले जनुक तर निष्प्रभ झालेच, शिवाय झाडाचे मूळचे जनुकही त्याच्याबरोबर मूक झाले.

दुसरा मागमूस सी. एलेगन्समध्येच लागला, आणि प्रयोगपद्धतीच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. कॉर्नेल विद्यापीठातील सू ग्वो आणि केनेथ केम्फ्यूज हे पार-१ या जनुकाचा अभ्यास करत होते, ज्याच्याविना कृमीच्या अंड्याचे पहिले विभाजन असमान होण्याऐवजी समान होते आणि भ्रूण मरतो. संदेशाला पूरक असा आरएनए कृमीत टोचला तर तो संदेशाला चिकटून त्याचे वाचन अडवेल, या तेव्हाच्या रूढ कल्पनेप्रमाणे त्यांनी तो टोचला आणि अपेक्षित परिणाम मिळाला. मात्र तुलनेसाठी त्यांनी आणखी काही कृमींत संदेशासारखाच, म्हणजे संदेशाला चिकटणे ज्याला शक्यच नाही असा आरएनए टोचला होता, आणि त्यानेही तोच परिणाम झाला. अशा तुलनेच्या प्रयोगाला नियंत्रण प्रयोग म्हणतात, आणि त्यात काही घडू नये हीच अपेक्षा असते. १९९५ मध्ये त्यांनी हा न जुळणारा निष्कर्ष दडवून न ठेवता शोधनिबंधात नोंदवला, ही गोष्ट आरएनए हस्तक्षेपाच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे, कारण त्या एका विसंगतीवाचून पुढचा प्रश्न कोणी विचारलाच असता असे नाही.

१९९८ : अशुद्धीत दडलेले उत्तर

तो प्रश्न बॉल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेतील अँड्र्यू फायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील क्रेग मेलो यांच्या गटांनी विचारला. प्रयोगशाळेत आरएनए तयार करताना त्यात थोडा उलट क्रमाचा आरएनएही मिसळला जातो आणि काही भाग नकळत दुपदरी होतो, हे ठाऊक होते. तेव्हा दोन्ही प्रकारच्या आरएनएने सारखाच परिणाम होण्यामागे ही किरकोळ अशुद्धीच तर नसेल, अशी शंका घेऊन त्यांनी दोन्ही पदर आधी काटेकोरपणे शुद्ध केले आणि मग ते वेगवेगळे व एकत्र असे टोचून पाहिले.

त्यांनी निवडलेले एक जनुक होते अंक-२२. त्यापासून स्नायूंतील एक प्रथिन बनते, आणि ते कमी पडले तर कृमी मरत नाही, पण त्याचे अंग सतत थरथरत राहते, त्यामुळे जनुक मूक झाले की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत कळते. शुद्ध केलेल्या एकपदरी आरएनएने, तो संदेशासारखा असो वा पूरक असो, फारसे काही घडले नाही; दुपदरी आरएनए टोचलेल्या कृमींची पिल्ले मात्र थरथरू लागली. मेक्स-३ या दुसऱ्या जनुकाच्या बाबतीत तर परिणाम प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता आला. चार पेशींच्या अवस्थेतील भ्रूणात या जनुकाचा संदेश जेथे जेथे असेल तेथे गडद रंग चढेल अशी रासायनिक प्रक्रिया केली असता, साध्या भ्रूणात रंग भरून दिसला, पूरक एकपदरी आरएनए टोचलेल्या कृमीच्या भ्रूणात तो काहीसा फिका पण शिल्लक दिसला, आणि दुपदरी आरएनए टोचलेल्या कृमीच्या भ्रूणात रंगाचा मागमूस राहिला नाही. याचा अर्थ संदेशाचे वाचन नुसते अडले नव्हते, तर संदेशच उरला नव्हता.

आणखी दोन निरीक्षणे निर्णायक ठरली. संदेश परिपक्व होताना त्यातून कापून टाकले जाणारे जे भाग असतात, त्यांच्याशी जुळणारा दुपदरी आरएनए निष्प्रभ ठरला, म्हणजे हल्ला केंद्रकातील डीएनएवर नव्हता, तर तयार झालेल्या संदेशावर होता. शिवाय प्रत्येक पेशीच्या वाट्याला दुपदरी आरएनएचे जेमतेम काही रेणू येत असतानाही संदेशाचे हजारो रेणू नाहीसे होत होते, त्यामुळे एका रेणूने एका संदेशाला अडवायचे असा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही आणि पेशीत परिणाम वाढवणारी काही यंत्रणा असली पाहिजे, हे उघड झाले. १९ फेब्रुवारी १९९८ च्या ‘नेचर’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि अवघ्या आठ वर्षांनी, २००६ मध्ये, फायर आणि मेलो यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीच्या आत काय घडते

पुढच्या काही वर्षांत अनेक प्रयोगशाळांनी, काहींनी फळमाशीच्या पेशींत, काहींनी वनस्पतींत आणि काहींनी सी. एलेगन्समध्ये, या यंत्रणेचे टप्पे उलगडले. पेशीत दुपदरी आरएनए आला की प्रथम डायसर नावाचे विकर त्याला पकडते आणि सुमारे २१ ते २३ घटकांच्या ठरावीक लांबीचे तुकडे करते. २००१ मध्ये ग्रेगरी हॅनन यांच्या गटाने हे विकर ओळखले. सूत्रकृमीत डायसरला आरडीई-४ हे दुपदरी आरएनएला चिकटणारे प्रथिन साहाय्य करते. तयार झालेल्या आखूड दुपदरी तुकड्यांना लघु हस्तक्षेपी आरएनए म्हणतात.

हे तुकडे मग अर्गोनॉट या कुळातील एखाद्या प्रथिनाच्या स्वाधीन होतात. अर्गोनॉट तुकड्याचा एक पदर टाकून देते आणि दुसरा पदर, ज्याला मार्गदर्शक पदर म्हणतात, आपल्यात धरून ठेवते. आता हा मार्गदर्शक पदर एकपदरी असल्यामुळे त्याच्या पूरक क्रमाशी जोडी जुळवायला मोकळा असतो, आणि पेशीत फिरणारा एखादा संदेश त्याच्याशी जुळला की त्या संदेशाचे भवितव्य ठरते. माणसासह अनेक प्राण्यांत अर्गोनॉट स्वतःच तो संदेश ठरावीक जागी कापते, कापलेल्या तुकड्यांचा पेशीतील इतर विकरे फडशा पाडतात, आणि तोच मार्गदर्शक पदर पुढचा संदेश शोधायला पुन्हा मोकळा होतो. एकवीस-बावीस घटकांचा क्रम योगायोगाने दुसऱ्या जनुकात हुबेहूब सापडण्याची शक्यता फार कमी असल्यामुळे ही निवड इतकी नेमकी होते. तरी ती शंभर टक्के अचूक नसते, आणि अंशतः जुळणाऱ्या संदेशांवरही क्वचित परिणाम होतो, हे प्रयोग करणाऱ्याला कायम ध्यानात ठेवावे लागते.

सूत्रकृमीत येथे आणखी एक टप्पा येतो, आणि फायर-मेलो यांना जाणवलेल्या वाढीचे रहस्य त्यात आहे. आरडीई-१ हे अर्गोनॉट पहिल्या तुकड्यांच्या साहाय्याने संदेश शोधते. मात्र त्यानंतर आरएनएवरून आरएनए घडवणारे एक विकर त्या संदेशावर बसते आणि त्याला पूरक असे २२ घटकांचे नवे लघु आरएनए मोठ्या संख्येने तयार करते. ही दुसरी फळी दुसऱ्या अर्गोनॉट प्रथिनांत जाऊन त्याच जनुकाचे उरलेसुरले संदेश हुडकते, आणि कृमीत जनुक मूक करण्याचे बरेचसे प्रत्यक्ष काम हीच दुसरी फळी करते. आरएनएवरून आरएनए घडवणारे हे विकर वनस्पतींत आणि बुरशींतही असते, परंतु मानवी पेशींत ही वाढीची यंत्रणा नाही, आणि म्हणून माणसात हाच परिणाम घडवायचा तर पुरेसा लघु आरएनए बाहेरूनच पुरवावा लागतो.

चौकट : प्रक्रिया एका दृष्टिक्षेपात
दुपदरी आरएनए पेशीत येतो. डायसर त्याचे आखूड तुकडे करते. अर्गोनॉट प्रथिन तुकड्याचा एक पदर टाकून दुसरा धारण करते. हा पदर आपल्या जोडीचा संदेश शोधतो. सूत्रकृमीत त्या संदेशावरून लघु आरएनएची दुसरी, मोठी फळी तयार होते. संदेश नष्ट होतात आणि त्यांच्यापासून बनणारे प्रथिन कमी पडते. केंद्रकातील जनुकाचा क्रम या साऱ्यात बदलत नाही.

आतड्यातून अंगभर

टोचलेल्या जागेपुरता परिणाम न राहता तो साऱ्या शरीरात पसरतो, हे फायर-मेलो यांच्या पहिल्याच प्रयोगात दिसले होते. त्याच वर्षी लिसा टिमन्स आणि फायर यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले आणि कृमीच्या खाण्यातल्या जिवाणूंकडूनच दुपदरी आरएनए तयार करवून घेतला. आज ही पद्धत इतकी सरावाची झाली आहे की जीवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थीही ती आठवड्याभरात अमलात आणू शकतो. ज्या जनुकाला मूक करायचे त्याचा एक तुकडा वर्तुळाकार डीएनएच्या अशा वाहकात बसवला जातो की त्याच्या दोन्ही टोकांकडून आतल्या दिशेने आरएनए उतरवला जावा. हा वाहक ई. कोलाय जिवाणूच्या अशा वाणात घातला जातो की ज्यात दुपदरी आरएनए मोडणारे विकर नसते. आणि मग प्लास्टिकच्या लहान बशीत अगरचा थर देऊन त्यावर या जिवाणूंचा एक थेंब वाढवला जातो. बशीत सोडलेले कृमी त्या धूसर थरात नागमोडी रेघा उमटवत खात राहतात, आणि २० अंश सेल्सिअस तापमानाला अंड्यापासून प्रौढावस्था गाठायला त्यांना तीन-साडेतीन दिवसच लागत असल्यामुळे आठवड्याच्या आत पुढची पिढीही तपासायला मिळते.

खाल्लेला दुपदरी आरएनए आतड्यात पचून का जात नाही, या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रथिनांत सापडले. आतड्याच्या आतील पृष्ठभागावर असलेले एसआयडी-२ हे प्रथिन दुपदरी आरएनए पेशीत ओढून घेते, आणि क्रेग हंटर यांच्या गटाने २००२ मध्ये ओळखलेले एसआयडी-१ हे प्रथिन पेशींच्या आवरणातून त्याला वाट करून देते, त्यामुळे तो एका पेशीतून दुसरीत आणि अखेर जननपेशींपर्यंत पोचतो. या बाबतीत एक लक्षणीय पुरावा भारताच्या मातीतून आलेला आहे. सी. एलेगन्सचा जवळचा नातलग सी. ब्रिग्सी याचा जो वाण जगभर संदर्भ म्हणून वापरला जातो तो अहमदाबादच्या मातीतून वेगळा केलेला आहे. त्याला दुपदरी आरएनए टोचला तर त्याचे जनुक मूक होते, पण खाऊ घातला तर काहीही होत नाही. सी. एलेगन्सचे एसआयडी-२ प्रथिन त्याच्यात घातल्यावर मात्र त्यालाही खाण्यातून आलेला आरएनए लागू पडू लागला. दोन इतक्या सारख्या कृमींमध्ये एका दरवाज्यापुरता फरक असावा आणि त्याने प्रयोगाची सारी पद्धतच बदलावी, यावरून एका जातीतील अनुभव दुसरीला सरसकट लावण्यात किती धोका आहे हे दिसते.

एकेक जनुक तपासताना

सी. एलेगन्स हा नमुनाजीव, म्हणजे इतर सजीवांतील प्रक्रिया समजून घेण्यासाठी निवडलेला सोयीचा प्रतिनिधी आहे. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात त्याची निवड केली, तेव्हा त्यांना मज्जासंस्थेचा अभ्यास अभिप्रेत होता. या कृमीच्या प्रौढ उभयलिंगी शरीरात जननपेशी वगळता नेमक्या ९५९ पेशी असतात, त्यांपैकी ३०२ मज्जापेशी असतात, आणि प्रत्येक पेशी अंड्यापासून कोणकोणत्या विभाजनांतून आली याची वंशावळ पूर्ण नोंदलेली आहे. १९९८ च्या अखेरीस त्याच्या साऱ्या डीएनएचा क्रमही हाती आला; बहुपेशीय प्राण्यांत तो पहिलाच होता. जनुकांची यादी तयार होती, परंतु त्यांतील बहुतेकांचे काम अज्ञात होते, आणि नेमक्या त्याच वेळी एकेक जनुक मूक करण्याची सोपी रीत उपलब्ध झाली.

केंब्रिज येथील जूली एरिंजर यांच्या गटाने १६,७५७ जनुकांसाठी प्रत्येकी वेगळा जिवाणू-वाण तयार केला आणि कृमींना तो खाऊ घालून परिणाम नोंदवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात १,७२२ जनुके मूक केल्यावर कृमीत दिसण्याजोगा दोष आढळला. हा जिवाणूंचा संच पुढे जगभरच्या प्रयोगशाळांना उपलब्ध झाला. या रीतीचा खरा लाभ वेळ निवडता येण्यात आहे. भ्रूणावस्थेत ज्या जनुकावाचून जीव वाचतच नाही, त्याचे प्रौढ वयातील काम उत्परिवर्तनाने तपासता येत नाही, पण जिवाणूंचा आहार प्रौढ वयात बदलला तर येते. डॅफ-२ या जनुकात उत्परिवर्तन झाले तर कृमीचे आयुष्य दुपटीपर्यंत वाढते, हे सिंथिया केन्यन यांनी १९९३ मध्ये दाखवले होते. त्यांच्याच गटाने २००२ मध्ये हे जनुक केवळ प्रौढ वयात मूक केले आणि तरीही आयुष्य वाढते हे सिद्ध केले, म्हणजे आयुर्मान ठरवण्याचे त्याचे काम वाढीच्या वयातले नसून प्रौढ वयातले आहे.

या रीतीला मर्यादाही आहेत. कृमीच्या मज्जापेशी खाण्यातून आलेल्या दुपदरी आरएनएला फारशी दाद देत नाहीत, कारण त्यांच्यात एसआयडी-१ ची वाट जवळजवळ बंद असते. म्हणून मज्जापेशींतील जनुकांसाठी अधिक संवेदनशील केलेले वाण वापरावे लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा मज्जापेशींच्या लांब तंतूंतून पेशीतील सामग्रीची वाहतूक कशी होते याचा अभ्यास याच कृमीवर करते. त्याचे शरीर पारदर्शक असल्यामुळे चकाकते प्रथिन जोडलेली ही सामग्री जिवंत प्राण्यात पुढे सरकताना पाहता येते; पण जनुक मूक करण्याच्या सोयीच्या बाबतीत याच पेशी सर्वांत हट्टी निघाव्यात, हा योग अशा अभ्यासाचे काम अवघड करतो.

विषाणूंशी जुने वैर

एवढी गुंतागुंतीची यंत्रणा संशोधकांच्या सोयीसाठी घडलेली नाही. पेशीचे स्वतःचे संदेश एकपदरी असतात, तर अनेक विषाणू वाढताना लांब दुपदरी आरएनए तयार होतो. दुपदरीपणा ही परकेपणाची खूण मानणारी संरक्षणव्यवस्था म्हणून या यंत्रणेकडे पाहिले जाते. फ्रान्समधील ओर्से येथे सापडलेल्या, सी. एलेगन्सला निसर्गतः ग्रासणाऱ्या विषाणूचे वर्णन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आरएनए हस्तक्षेप बिघडलेल्या कृमींत तो विषाणू कितीतरी अधिक वाढतो असे दिसून आले. विषाणूंनीही याला तोड काढलेली आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल पट्ट्यात केळीच्या पानांवर पिवळसर पट्टे पाडणारा जो रोग शेतकरी ‘हरण्या’ म्हणून ओळखतात, त्याला कारण असलेला कुकुंबर मोझॅक विषाणू २बी नावाचे एक प्रथिन तयार करतो आणि त्याच्या बळावर झाडाची ही संरक्षणव्यवस्था दडपतो.

पेशी हीच साधने स्वतःच्या कारभारातही वापरते. व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये सी. एलेगन्समध्ये असा एक सूक्ष्म आरएनए शोधला की जो कृमीच्या स्वतःच्या जनुकापासून तयार होऊन दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशाला लगाम घालतो. माणसातही असे शेकडो सूक्ष्म आरएनए सापडले आहेत, आणि या शोधाला २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधांत आणि केळीच्या बागेत

माणसाच्या पेशीत लांब दुपदरी आरएनए घातला तर तिला विषाणूचा संशय येऊन ती सरसकट सारीच प्रथिननिर्मिती आवरती घेते. थॉमस टुश्ल यांच्या गटाने २००१ मध्ये आधीच कापून ठेवलेले २१ घटकांचे तुकडे वापरून ही अडचण टाळली, आणि त्यातून औषधांचा मार्ग खुला झाला. यकृतात बनणाऱ्या एका सदोष प्रथिनामुळे होणाऱ्या आनुवंशिक विकारावरील पॅटिसिरान हे या जातीचे पहिले औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारे इन्क्लिसिरान सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचावे लागते. दोन्ही औषधे यकृतावर काम करतात, कारण लघु आरएनए यकृताच्या पेशींत पोचवणे तुलनेने सोपे आहे. इतर अवयवांपर्यंत ते कसे पोचवावे हाच या क्षेत्रातला मोठा पेच आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने शेतीतील उपयोग अधिक जिव्हाळ्याचा आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टी. आर. गणपती यांच्या गटाने केळीच्या पर्णगुच्छ रोगाविरुद्ध हीच युक्ती योजली. या रोगात देठावर आणि पानाच्या मधल्या शिरेवर गडद हिरवे ठिपके-रेघा दिसतात, नवी पाने अरुंद व आखूड निघून शेंड्याशी उभी दाटतात आणि झाड बहुधा घड धरत नाही. मावा हा कीटक रोग पसरवतो, शिवाय रोगट झाडाचे मुनवे लावले तर नव्या बागेतही तो जातो. खाण्याची केळी बिनबियांची असल्यामुळे संकराने प्रतिकारक्षम वाण काढणे अतिशय कष्टाचे असते. या गटाने विषाणूच्या वाढीसाठी अत्यावश्यक असलेल्या रेप या जनुकाचा तुकडा सुलट आणि उलट असा दोनदा, मध्ये एक जोडभाग ठेवून, केळीच्या पेशींत बसवला, त्यामुळे त्यावरून उतरणारा आरएनए स्वतःवरच दुमडून दुपदरी होतो आणि झाडाचे डायसर त्याचे तुकडे करून ठेवते. पर्णगुच्छाचा विषाणू स्वतः डीएनएचा असला तरी त्याचे संदेश आरएनएचेच असतात, आणि तेथेच तो सापडतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणू वाहणारा मावा सोडूनही अशी झाडे सहा महिन्यांपर्यंत लक्षणविरहित राहिली. हे बंदिस्त जागेतील यश आहे. बागेत उतरण्यापूर्वी अशा प्रत्येक झाडात लघु आरएनएचा अंशतः जुळणाऱ्या इतर जनुकांवर परिणाम होत नाही ना, याची तपासणी व्हायलाच हवी, आणि ती सार्वजनिक संस्थांनी खुलेपणाने केली तरच शेतकऱ्याचा त्यावर विश्वास बसेल.

किडींच्या बाबतीत मार्ग अधिक बिकट आहे. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्याविरुद्ध दुपदरी आरएनएची फवारणी अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झाली, कारण भुंगेऱ्यांचे आतडे खाण्यातून आलेला आरएनए सहज स्वीकारते. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला छळणारी गुलाबी बोंडअळी आणि तुरी-हरभऱ्यावरील घाटेअळी मात्र पतंगवर्गातील आहेत, आणि या वर्गातील अळ्यांच्या अल्कधर्मी आतड्यात दुपदरी आरएनए मोडणारी विकरे इतकी प्रभावी असतात की तो पेशींपर्यंत पोचण्याआधीच नष्ट होतो. जो थोडा पोचतो त्याचे पुढे पसरणेही कमकुवत असते. म्हणून या अळ्यांसाठी सध्याचे संशोधन योग्य जनुक निवडण्याइतकेच आरएनएला सूक्ष्म कणांचे वेष्टन देऊन आतड्यात टिकवण्यावर, किंवा ती विकरे घडवणारी अळीची जनुकेच आधी मूक करण्यावर केंद्रित झाले आहे.